रिंग जाते, आवाज येत नाही: दोन व्हीलॅनमध्ये अडकलेले ऑफिसचे फोन

ऑफिसात बहुधा फोन एका व्हीलॅनमध्ये असतात आणि कॉम्प्युटर दुसऱ्यात; व्हीलॅन म्हणजे एकाच वायरिंगवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे. त्या दोन कप्प्यांमधला बिघाड कसा शोधायचा ते इथे आहे. आधी लक्षणं सांगतो. यातलं एकही तुमच्याकडे नसेल तर दुखणं वेगळं आहे, पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

• एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरच्या फोनला कॉल छान लागतो. पण रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टफोनवरून (फोनचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) त्याच फोनला लावला की रिंग जाते, समोरचा उचलतो, आणि एका बाजूला चिडीचूप.
• कॉल लागतो, बोलणं सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटात तुटतो. घड्याळ लावून बघा, दर वेळी ३२ सेकंदांच्या आसपास.
• फोन चालू होतो, पण स्क्रीनवर ‘रजिस्टरिंग’च्या पुढे जात नाही.
• पीबीएक्सला (ऑफिसातले कॉल जोडणाऱ्या यंत्राला) पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ अशी हाक दिली, तर उत्तर येतं, पण त्याचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये अर्धवट उघडून लटकतं.
• कालपर्यंत सगळं ठीक होतं. रात्री वीज गेली, सकाळी अर्धे फोन मुके.

शेवटचं लक्षण आमच्या गोव्यात पावसाळ्यात ठरलेलं. मिरग सुरू झाला, पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या सकाळी माझा मोबाइल नऊच्या आधी वाजतो. मी फोंड्याला राहतो. काम पणजी, म्हापसा, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत. हा एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की हल्ली गाडीत बसल्याबसल्या फोनवरच तीन प्रश्न विचारतो, आणि बऱ्याचदा गाडी सुरूच करावी लागत नाही.

तपासणीला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं आंधळी कोशिंबीर होईल. समजा कॉम्प्युटर व्हीलॅन १० मध्ये आहेत, पत्ते १०.१०.१०.० या गटातले. फोन आणि पीबीएक्स व्हीलॅन २० मध्ये, पत्ते १०.१०.२०.० या गटातले. स्विच (नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे जोडतात तो डबा) एकच, वायर एकच, पण एका गटातलं दुसऱ्या गटात आपणहून जात नाही. मध्ये राउटर किंवा राउटिंग करणारा स्विच लागतोच. आता कॉलचे दोन भाग असतात. नंबर लावणं, रिंग, उचलणं, ठेवणं हा सगळा निरोपांचा भाग सिप सांभाळतं, आणि ते पीबीएक्समार्फत चालतं. प्रत्यक्ष आवाज आरटीपीने जातो. त्याचे पोर्ट (आत-बाहेर करायच्या दारांचे नंबर) वेगळे, आणि बऱ्याच सिस्टीममध्ये तो पीबीएक्सला वळसा घालून थेट या फोनवरून त्या फोनवर जातो. त्यामुळे रिंग वाजली म्हणजे आवाजाचा रस्ता मोकळा आहे असं मुळीच नाही. शिवाय आवाजाचे प्रवाह दोन: एक जाणारा, एक येणारा. एका बाजूला शांतता म्हणजे दोनपैकी एक वाट बंद. जायची वाट सगळेच तपासतात. यायची वाट बहुतेक कोणी तपासत नाही, आणि माझ्या अनुभवात घोळ जास्त करून तिथेच असतो.

तीन कॉल, पैसे शून्य

कशालाही हात लावण्याआधी तीन कॉल करा. टेबलफोन ते टेबलफोन. सॉफ्टफोन ते सॉफ्टफोन. मग टेबलफोन ते सॉफ्टफोन. पहिले दोन चालले आणि तिसरा अडला तर फोन, हेडसेट, पीबीएक्स ही यंत्रं शाबूत. भानगड दोन व्हीलॅनच्या मधल्या वाटेत किंवा त्या वाटेच्या सेटिंगमध्ये. पहिलाच अडला तर व्हीलॅनच्या मध्ये शोधूच नका. तुमच्या पीबीएक्सला इको टेस्ट असेल (फ्रीपीबीएक्स या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये *४३) तर दोन्हीकडून तीही करा. आपलाच आवाज परत ऐकू आला तर पीबीएक्सपर्यंतची जायची आणि यायची, दोन्ही वाटा शाबूत आहेत.

कोणाला कोणाचं ऐकू येत नाही हे नेमकं लिहून ठेवा. “आवाज येत नाही” एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. म्हापशाच्या एका ऑफिसातल्या रिसेप्शनच्या बाईंनी मला एकदा अगदी नेमकं सांगितलं होतं: “हॅलो हॅलो करून घसा सुकला हो. त्यांना माझं सगळं ऐकू येतं, मला त्यांचं अक्षर नाही.” अर्धं निदान त्यांनीच करून दिलं. त्यांच्याकडून आवाज जात होता, त्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत येत नव्हता.

तिथे कारण निघालं कॉम्प्युटरची स्वतःची फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारा पहारा. सॉफ्टफोन पहिल्यांदा उघडला तेव्हा विंडोजने विचारलं असणार, याला परवानगी द्यायची का. घाईत कोणीतरी ‘कॅन्सल’ दाबलं. विंडोज त्याचा अर्थ ‘मनाई’ असा घेतं आणि तसा नियम लिहून ठेवतं. पुन्हा विचारत बसत नाही. फायरवॉलच्या यादीत त्या सॉफ्टफोनच्या नावाचा मनाईचा नियम शोधून पुसून टाकला की काम झालं. पाच मिनिटांचं काम, म्हणून हे पहिल्यातच बघा.

फोनच्या मागे वाकून बघा

टेबलफोनला मागे दोन सॉकेट असतात. एक भिंतीकडून येणाऱ्या वायरसाठी, दुसरं कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरसाठी. रंगकाम झालं, टेबल हलवलं, गणेशचवथीआधीची साफसफाई झाली की या दोन वायरी हमखास उलट्या लागतात. काही फोन तरीही चालू होतात, कारण त्यांना वीज वेगळ्या अडॅप्टरने मिळत असते, आणि मग माणूस फसतो. त्याहून वाईट म्हणजे मोकळी वायर दिसली म्हणून दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटांना जोडणं. तो झाला लूप. स्विचवर लूपविरुद्ध संरक्षण नसेल तर एक फोन नाही, अख्खा मजला आडवा होतो.

किनाऱ्याजवळ असाल तर प्लग काढून त्याच्या पिना उजेडात बघा. खाऱ्या हवेने सोनेरी पिनांवर हिरवट थर चढतो. फोनला पीओईची (नेटवर्कच्या वायरीतूनच येणारी) वीज मिळते, दिवे लागतात, पण डेटा मध्येच गळतो. प्लग पुसत बसू नका, कापून नवा लावा.

टेबलाखाली कोणी पाच पोर्टचा स्वस्त स्विच लावून ठेवलाय का, तेही बघा. व्हीलॅनचा नंबर फोनच्या डेटाच्या पाकिटांवर चार बाइटच्या टॅगमध्ये लिहिलेला असतो. काही साधे स्विच तो टॅग जसाच्या तसा पुढे देतात, काही त्याची वाट लावतात. मी वाद घालत नाही, तो स्विच काढून फोन थेट भिंतीला लावून बघतो.

फोनचा पत्ता वाचा

फोनच्या मेनूत ‘स्टेटस’ किंवा ‘नेटवर्क’ असं काहीतरी असतं. तिथला आयपी पत्ता, मास्क (आपला गट कुठवर ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (गटाबाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) कागदावर उतरवा. पत्ता १०.१०.२० ने सुरू होतोय? ठीक. १०.१०.१० ने सुरू होतोय? मग फोन कॉम्प्युटरांच्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसलाय, म्हणजे स्विचने त्याला व्हॉइस व्हीलॅनचा नंबर सांगितलाच नाही किंवा फोनने ऐकला नाही. हा नंबर फोनला बहुधा एलएलडीपीने (स्विच जोडलेल्या यंत्राला माहिती सांगतो ती सोय) कळतो, काही फोनना डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) १३२ नंबरच्या ऑप्शनमधून, नाहीतर हाताने भरावा लागतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा नुसतीच शून्यं असतील तर डीएचसीपीने पत्ताच दिलेला नाही. फोन पत्ता मागतो ती हाक फक्त स्वतःच्या व्हीलॅनमध्ये ऐकू जाते. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर ती हाक पलीकडे पोचवायला राउटरवर रिले लावलेला असावा लागतो. राउटर बदलला की हा रिले लावायला माणसं विसरतात.

आणि मास्क. याच्याकडे कोणी बघत नाही. मास्क २५५.२५५.२५५.० हवा असताना कोणी २५५.२५५.०.० भरला असेल तर १०.१०.१०.५० वाला कॉम्प्युटर त्या फोनला आपल्याच वाड्यावरचा शेजारी वाटतो. मग तो उत्तर गेटवेकडे देतच नाही, कुंपणावरून नुसती हाक मारत बसतो, आणि शेजारी तिथे नसतोच. कॉम्प्युटरकडून फोनकडे सगळं पोचतं. फोनकडून कॉम्प्युटरकडे काहीच येत नाही. पिंगही अडतं, मग लोक राउटरवर संशय घेतात.

पिंग, पण क्रमाने

व्हीलॅन १० मधल्या कॉम्प्युटरवर बसा आणि या क्रमाने पिंग करा: आपलं गेटवे (१०.१०.१०.१), पलीकडचं गेटवे (१०.१०.२०.१), पीबीएक्स, आणि शेवटी एक टेबलफोन. जिथे उत्तर थांबेल त्याच्या अलीकडेपर्यंत सगळं बरोबर. दोन्ही गेटवे उत्तर देतात आणि पीबीएक्स देत नाही, तर आधी पीबीएक्समध्ये भरलेलं गेटवे तपासा. त्याच्या व्हीलॅनमधल्या फोनशी बोलायला त्याला गेटवे लागत नाही, त्यामुळे ती जागा रिकामी किंवा चुकीची असली तरी टेबलफोन महिनोन्महिने सुखाने चालतात. पहिला सॉफ्टफोन बसवला की बिंग फुटतं.

एक सावधगिरी. उलट दिशेने, म्हणजे फोनच्या बाजूने विंडोजच्या कॉम्प्युटरला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या गटातून आलेल्या पिंगला विंडोज मुळातच उत्तर देत नाही. आणि पिंगला उत्तर आलं म्हणून आवाज जाईल असंही नाही. पिंग वेगळ्या दाराने जातं.

दोन पायांचा पीबीएक्स

पणजीतल्या एका ऑफिसात यात माझे दोन दिवस गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्यांच्या पीबीएक्सला दोन नेटवर्क कार्डं होती. बसवणाऱ्याने विचार केला, एक पाय फोनच्या व्हीलॅनमध्ये, दुसरा कॉम्प्युटरच्या, म्हणजे राउटरचं लचांडच नको. दिसायला युक्ती झकास. मग व्यवस्थापनाने मोबाइलवर सॉफ्टफोन घेतले आणि वायफायसाठी व्हीलॅन ३० निघाला. मोबाइलकडून निरोप राउटरमार्फत पीबीएक्सच्या फोनवाल्या पायाशी पोचायचा. पीबीएक्सचं गेटवे मात्र दुसऱ्या पायावर भरलेलं, म्हणून उत्तर कॉम्प्युटरवाल्या पायाने बाहेर पडायचं. राउटरवरची फायरवॉल म्हणायची, या दाराने १०.१०.२० चा माणूस कसा काय आला? आणि टाकून द्यायची. मोबाइल नुसता ‘रजिस्टरिंग’ दाखवत बसायचा.

लक्षणांमध्ये अर्धवट उघडणारं पान लिहिलंय ना, ते याचंच भावंड. तुम्ही व्हीलॅन १० मधून पीबीएक्सचा २० मधला पत्ता उघडता. प्रश्न फायरवॉलमधून जातो, उत्तर मात्र दुसऱ्या पायाने परस्पर तुमच्याकडे येतं. पिंगला त्याचं काही वाटत नाही. ब्राउझरच्या टीसीपी जोडणीत मात्र फायरवॉलला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं आणि थोड्या वेळाने ती जोडणी तोडते.

उपाय कंटाळवाणा आहे: एक पाय काढा. पीबीएक्स फक्त फोनच्या व्हीलॅनमध्ये ठेवा, त्याला एकच गेटवे द्या, बाकी सगळे राउटरमार्फत येऊ द्यात. पणजीवाल्यांना हे पटवायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

पीबीएक्सला आपली माणसं ओळखू द्या

पीबीएक्सच्या सिप सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क्स’ अशी एक यादी असते. यात नसलेल्या गटातून कोणी बोललं तर पीबीएक्स त्याला इंटरनेटवरचा परका समजतो आणि “आवाज इथे पाठव” म्हणून ऑफिसचा बाहेरचा पब्लिक पत्ता देतो. बिचारा सॉफ्टफोन आवाज तिकडे पाठवतो. नवा व्हीलॅन केला की त्याचा गट या यादीत टाकायचा, हे दहातले आठ जण विसरतात.

३२ सेकंदांचं कोडंही बहुधा इथेच सुटतं. फोन उचलल्याचा निरोप गेला की समोरून ‘मिळालं’ अशी पोच यावी लागते. पोच ज्या पत्त्यावर पाठवायची तोच चुकीचा असेल तर ती येत नाही. निरोप पुन्हा पुन्हा पाठवला जातो, आणि सिपच्या नियमाप्रमाणे अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट बघून कॉल सोडून दिला जातो. म्हणून हा आकडा दिसला की मी वायरीकडे बघतसुद्धा नाही, सरळ पत्त्यांकडे जातो.

त्याच ठिकाणी ‘डायरेक्ट मीडिया’ची, म्हणजे आवाज पीबीएक्सला वळसा घालून थेट पाठवायची सोय असते. ती बंद करून कॉल लावून बघा. बंद केल्यावर आवाज आला तर निदान झालं: दोघेही पीबीएक्सपर्यंत पोचतात, एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. लहान ऑफिसात ती कायमची बंद ठेवली तरी बिघडत नाही. साध्या जी.७११ कोडेकला (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीला) वरच्या वेष्टणासकट एका दिशेला सेकंदाला ९० किलोबिटच्या आतच लागतात. तीस फोनांच्या ऑफिसचा भार पीबीएक्स सहज उचलतो.

फायरवॉल आणि स्विच

इथून पुढे हात जपून. व्हीलॅन १० आणि २० च्या मध्ये सिपचा ५०६० पोर्ट आणि आरटीपीचे पोर्ट, दोन्हींना यूडीपीवर (पोचेची वाट न बघता डेटा पाठवायची पद्धत) परवानगी हवी. ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बहुतेक सिस्टीममध्ये आरटीपी १०००० ते २०००० मध्ये असतो. तुमच्याकडचा आकडा पीबीएक्समध्ये बघा, अंदाजाने लिहू नका. नियम दोन्ही दिशांना लिहा. फक्त ५०६० उघडून ठेवलेला दिसतो तेव्हा रिंग वाजते आणि आवाज येत नाही, म्हणजे आपलं पहिलंच लक्षण. राउटरवर सिप एएलजी चालू असेल तर बंद करा. मदत म्हणून ते निरोपातले पत्ते बदलतं, आणि बहुतेक वेळा नको तिथे बदलतं.

तपासण्यासाठी ‘सगळ्यांना सगळं मोकळं’ असा नियम पाच मिनिटं लावायला हरकत नाही, पण फक्त या दोन व्हीलॅनमध्ये, आणि उठण्यापूर्वी काढून टाकायचा. हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांच्या वायफायला फोनच्या व्हीलॅनचं दार कधीच उघडू नये. तिथून पीबीएक्स दिसत नाही ही तक्रार नाही, ते बरोबर आहे.

स्विचवर दोनच गोष्टी बघायच्या. दोन स्विचना जोडणाऱ्या ट्रंक पोर्टवर व्हीलॅन २० ला परवानगी आहे का, आणि केलेली सेटिंग सेव्ह केली आहे का. दुसरीवर मी शपथ घेऊन सांगतो. वेर्ण्याच्या एका कारखान्यात चवथीच्या सुट्टीत रखवालदाराने मेन स्विच बंद केला, सुट्टी संपली, वीज आली, आणि तिसऱ्या स्विचवरचे सगळे फोन मुके. कोणीतरी मार्चमध्ये त्यावर व्हॉइस व्हीलॅन टाकला होता आणि सेव्ह करायला विसरला होता. बऱ्याच स्विचमध्ये चालू असलेली सेटिंग एक असते आणि साठवलेली दुसरी. मधल्या काळात यूपीएसने त्या स्विचला एकदाही बंद पडू दिलं नव्हतं, म्हणून सहा महिने सगळं सुरळीत. ‘वीज गेल्यावर बिघडलं’ असं ऐकलं की आता माझा पहिला प्रश्न: “शेवटचा बदल कोणी केला आणि सेव्ह केला का?”

कुठे थांबायचं

जळका वास आला, स्विचचे अर्धेच पोर्ट लागतात, किंवा गडगडाटानंतर फोनचे अडॅप्टर फुगलेले दिसले, तर उघडून बघू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मग नेटवर्कवाल्याला बोलवा. नवा स्विच त्याच अर्थिंगवर लावला तर पुढच्या गडगडाटाला तोही जाईल.

स्विचचा किंवा फायरवॉलचा पासवर्ड माहीत नाही म्हणून रीसेटचं बटन दाबू नका. बॅकअप नसेल तर सगळे व्हीलॅन पुसले जातील, आणि आता नुसते दोन फोन मुके आहेत, मग अख्खं ऑफिसच बंद पडेल. बाहेरून येणारे कॉलच बंद असतील तर तो बहुधा टेलिफोन कंपनीच्या लाइनचा प्रश्न, त्यांच्याकडे तक्रार नोंदवा. इंटरनेटच्या बाजूने ५०६० उघडा असं कोणी फोनवर सुचवलं तर तिथेच थांबा. उघड्या पीबीएक्सवरून परदेशात कॉल करणारे टपलेले असतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. आणि वरचं सगळं करूनही आवाज एकतर्फीच राहिला तर पाकिटं पकडून वाचावी लागतात. ते वाचता येणारा माणूस बोलवा, शिकत शिकत करण्याचं ते काम नाही. तोवर हॉटेल किंवा दवाखाना असेल तर ११२ आणि १०८ लावायला एक मोबाइल काउंटरवर ठेवा.

येणाऱ्या माणसासाठी एवढं तयार ठेवा: तीन कॉलचे निकाल, बिघडलेल्या एका आणि चांगल्या एका फोनचा पत्ता, मास्क आणि गेटवे, पिंग कुठे थांबलं ते, आणि शेवटचा बदल कधी झाला. वेर्ण्याच्या कारखान्यात हा कागद आता प्लास्टिकमध्ये घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय. त्याच्या तळाशी रखवालदाराने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: “मेन बंद करण्याआधी फोनवाल्याला विचारणे.”